पूल झाल्यावर फेरीबोट कुठे जाते?

भिवंडीचं नाव काढलं की समोरचा माणूस ठरावीक गोष्टी बोलतो. वयाने मोठा असेल तर यंत्रमागाबद्दल, तरुण असेल तर गोदामांबद्दल (“माझं पार्सल तीन दिवस भिवंडीतच पडलंय!”) आणि वय काहीही असलं तरी ट्रॅफिकबद्दल. भिवंडी हे एके काळी बंदर होतं, हे मात्र कोणी आपणहून बोलत नाही. गावात ‘बंदर मोहल्ला’ आहे, खाडीकाठाला जागोजागी ‘रेतीबंदर’ आहेत, पण नावं राहिली आणि पाणी विस्मरणात गेलं. कशेळीच्या पुलावर अर्धा तास गाडी उभी असते तेव्हा खाली खाडी असते, पण आपलं लक्ष पुढच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांवर!

वसई-भाईंदर फेरीबोट २० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली तेव्हा आमच्याकडे घरोघर त्याची चर्चा झाली. आपल्यापैकी अर्धे नातेवाईक वसई-विरारकडे आणि उरलेले ठाणे-भिवंडीकडे, त्यामुळे ते साहजिकच होतं. रस्त्याने घोडबंदरवरून वळसा घालून ३५-४० किलोमीटर पडतात. पाण्यातून अंतर जेमतेम साडेतीन किलोमीटर, वेळ पंधरा-वीस मिनिटं. गाडीत बसून किल्ल्याच्या धक्क्यावर जायचं, गाडी बोटीत चढवायची, पलीकडे उतरायचं. सगळे खूश. फक्त माझा एक मावसभाऊ, जो प्रत्येक लग्नात जेवणाची पंगत बसायच्या आधीच परतीच्या गाडीची चौकशी करतो, त्याने विचारलं, “आणि उद्या इथे पूल झाला की या बोटीचं काय करणार गं?”

प्रश्न थट्टेत विचारला होता, पण माझ्या डोक्यातून जाईना. फेरीबोट ही मुळातच पूल होईपर्यंतची सोय असं आपण सगळेच धरून चालतो. ‘तात्पुरती’ हा शब्द तिच्या नावाआधी न लिहिताही लिहिलेला असतो. मग पूल झाल्यावर तिचं खरंच काय होतं? मी वाचत गेले, आणि जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या खाडीबद्दल. उल्हास नदी कर्जतकडून वाहत कल्याणला येते. कल्याणच्या पुढे तिला भरतीचं पाणी भेटतं आणि तिची खाडी होते. ही खाडी ठाण्याच्या उत्तरेला वळून, भिवंडी तालुक्याला वळसा घालून, घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते. भिवंडी शहराजवळून वाहणारी कामवारी नदीही शेवटी याच पाण्यात जाते. म्हणजे आज वसईच्या किल्ल्याखाली जी फेरीबोट चालते, तिच्या खालून जाणाऱ्या ओहोटीच्या पाण्यात थोडं आपलंही पाणी असतं.

या पाण्याचा उपयोग शिवाजी महाराजांनी बरोबर ओळखला होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि लगेच इथे जहाजबांधणी सुरू झाली. खाडी आत खोलवर आलेली, त्यामुळे खुल्या समुद्रावरच्या शत्रूपासून आडोसा. सागाची जंगलं जवळ. मोठी गलबतं बांधण्याच्या कामावर रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याची माणसं होती. पण खाडीचं तोंड वसईला, आणि वसई पोर्तुगीजांची. इथे बांधलेली गलबतं एक दिवस आपल्यावरच उलटतील हे वसईच्या अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी १६५९ च्या सुमारास या कारागिरांना फितवून काम सोडून पळून जायला लावलं. तरी आरमार उभं राहायचं थांबलं नाही. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेत आपल्याच तालुक्यातल्या अंजूरच्या नाईक घराण्याचा मोठा वाटा होता. अशी ही खाडी. तिच्यातून सैन्य गेलं, गलबतं गेली, भात गेलं, लाकूड गेलं, रेती आली.

पण हा झाला खाडीच्या लांबीचा इतिहास. माझा विषय आहे तिच्या रुंदीचा. या काठावरून त्या काठावर माणसं कशी जात होती?

याला मराठीत एक सुंदर छोटा शब्द आहे, ‘तर’. नदी किंवा खाडी ओलांडून देणारी होडी म्हणजे तर, आणि ती जिथून सुटते ती जागाही तरच. “तरीवर भेटू” म्हणायचे लोक. इंग्रजांच्या काळात हा नुसता गावचा व्यवहार राहिला नाही. मुंबई इलाख्यात १८६८ मध्ये तरींसाठी वेगळा कायदा झाला. सार्वजनिक तर कोणती ते सरकार ठरवणार, तिचा मक्ता देणार, दर ठरवून देणार. माणसाचा दर वेगळा, बैलाचा वेगळा, भरलेल्या गाडीचा वेगळा. गावकऱ्यांकडून मात्र अनेक ठिकाणी रोज पैसे घेत नसत, सुगीला धान्य घेत. म्हणजे वर्षाचा पासच तो!

माणूस आणि शेळी होडीत बसते. बैलगाडीचं काय? तिथे आली ‘सांगड’. दोन होड्या शेजारी शेजारी घट्ट बांधायच्या, वर फळ्यांचा तराफा टाकायचा आणि त्यावर गाडी चढवायची. आपण आज ‘अमक्याची तमक्याशी सांगड घातली’ असं म्हणतो ते इथूनच आलं. दोन वेगळ्या गोष्टी अशा बांधायच्या की त्यांच्यावर तिसरीचा भार टाकता येईल. आणखी गंमत पाहा. संस्कृत ‘संघाट’पासून आपला सांगड, त्याच कुळातला मल्याळममधला ‘चंगाडम’, तो पोर्तुगीजांनी उचलला आणि ‘जंगाडा’ केला. आज केरळात गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला ‘जंगार’ म्हणतात. आणि आपल्या कोकणात? दाभोळला किंवा दिघीला कोणालाही विचारा, तो फेरीबोटीला ‘जंगलजेटी’ म्हणेल. लहानपणी मला वाटायचं तिथे जंगल असणार! या जंगलचं नातं बहुधा त्या जंगारशी असावं असं मला वाटतं. म्हणजे सांगड पोर्तुगाल फिरून आली आणि जंगल होऊन कोकणात उतरली. शब्दसुद्धा एका काठावर कामाला येईनासा झाला की दुसऱ्या काठावर जाऊन काम करतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता कोकणात जाऊ, कारण महाराष्ट्रात गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचा संसार खरा उभा राहिला तो तिथे. कोकणचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. उत्तर-दक्षिण किनारा, आणि सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या त्याला आडव्या कापत समुद्राला जातात. प्रत्येक नदीच्या मुखाशी खाडी. त्यामुळे किनाऱ्यावरची दोन गावं समोरासमोर, एकमेकांच्या चुलीचा धूर दिसेल इतकी जवळ, आणि रस्त्याने शंभर किलोमीटर लांब. दाभोळ आणि धोपावे ही अशीच जोडी. मध्ये वाशिष्ठीची खाडी. दापोलीच्या बाजूने गुहागरला जायचं तर खेड, चिपळूण करत शंभराहून अधिक किलोमीटरचा फेरा. होडीतून माणूस जायचा, पण गाडी कशी जाणार? २००३ मध्ये सुवर्णदुर्ग शिपिंग कंपनीने तिथे फेरीबोट सुरू केली आणि तो फेरा काही मिनिटांवर आला. मग वेश्वी-बागमांडले, तवसाळ-जयगड, आगरदांडा-दिघी अशा एकेक खाड्या जोडल्या गेल्या. हीच कंपनी आता वसई-भाईंदरला बोट चालवते. म्हणजे कोकणातल्या वीस वर्षांत शिकलेलं काम आपल्या खाडीत वापरलं जातंय.

फेरीबोट दिसायला अगदी साधी. सपाट तळ, म्हणजे कमी पाण्यातही चालावी. मधोमध मोकळा डेक, तिथे गाड्या. वर एका बाजूला प्रवाशांना बसायची जागा आणि सारंगाची केबिन. पुढे मोठं झाकण असावं तसा लोखंडी रॅम्प. धक्क्याच्या उतारावर बोट टेकवायची, साखळीने रॅम्प खाली सोडायचा, गाड्या आत. बाहेरून सोपं दिसतं, पण सगळं कसब त्या टेकवण्यात आहे. उधाणाच्या दिवसांत पाणी उताराच्या अगदी वर येतं, ओहोटीला खूप खाली जातं, आणि दर खेपेला जागा वेगळी. खाली ओढ असते, कडेने वारा असतो. ट्रक कुठे, मोटारी कुठे, दुचाकी कुठल्या कोपऱ्यात, हे खलाशी नुसत्या हाताच्या खुणांनी ठरवतात, कारण भार एका बाजूला झाला तर बोट कलते. मुंबईच्या एखाद्या सोसायटीतला पार्किंगचा वाद सोडवायला या माणसांना बोलवायला हवं असं मला नेहमी वाटतं.

या साधेपणातच माझ्या मावसभावाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. पूल हा एकाच जागेसाठी बांधलेला असतो. कशेळीचा पूल उचलून दाभोळला नेता येत नाही. फेरीबोट मात्र रस्त्याचा असा एकुलता एक तुकडा आहे जो उचलून दुसरीकडे ठेवता येतो. तिला फक्त पाणी, दोन उतार आणि पलीकडे जाणारी माणसं लागतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला सापडलं ते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत. (आमचा कॅलिफोर्नियातला भाचा हे वाचत असेल तर त्याने जरा ताठ बसावं.) १९२० च्या दशकात तिथे मोटारी इतक्या वाढल्या की खाडी ओलांडायला फेरीबोटींसमोर रांगा लागायच्या. १९२७ मध्ये तिथे डिझेल-इलेक्ट्रिक यंत्रांच्या सहा नव्याकोऱ्या पोलादी फेरीबोटी आल्या. आणि दहा वर्षांच्या आत दोन प्रचंड पूल झाले, १९३६ मध्ये बे ब्रिज आणि १९३७ मध्ये गोल्डन गेट. गोल्डन गेटचे फोटो आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलेत. त्याच्यामुळे बेकार झालेल्या बोटींचे फोटो कोणी कॅलेंडरवर छापत नाही.

त्या सहा बोटींचं काय झालं? त्या विकल्या गेल्या आणि किनाऱ्याने उत्तरेला सिएटलच्या बाजूला पोचल्या. तिथे पाणी भरपूर, बेटं भरपूर, पूल कमी. त्यांची नावं बदलली, आणि काम तेच राहिलं. जुनी झाल्या, डागडुजी झाली, मालक बदलला, खासगी कंपनीकडून सरकारकडे गेल्या. त्यांतल्या चार बोटी नोव्हेंबर २००७ पर्यंत रोज गाड्या नेत होत्या. तळाचं पोलाद गंजून धोका झाला तेव्हा कुठे त्या थांबवल्या आणि पुढे मोडीत काढल्या. हिशेब करा. जन्मगावी जेमतेम दहा-बारा वर्षं, आणि पूल झाल्यानंतर ‘संपल्यावर’ सुमारे पासष्ट वर्षांहून जास्त!

त्याच पाण्यातली दुसरी एक बोट मात्र वेगळ्या वाटेने गेली. तिचं मूळ नाव ‘पेराल्टा’, बांधणी १९२६ ची, तीही सॅन फ्रान्सिस्कोचीच. १९३३ मध्ये तिला आग लागली आणि वरचा सगळा भाग जळाला. सिएटलच्या एका फेरी कंपनीने तो उरलेला सांगाडा विकत घेतला आणि त्यावर चंदेरी रंगाची, विमानासारख्या गोलसर आकाराची बोट उभी केली. १९३५ मध्ये ती ‘कलाकाला’ नावाने पाण्यात आली. (आपल्या कानाला हे नाव अगदी घरचं वाटतं, पण तिथल्या आदिवासींच्या व्यापारी बोलीत त्याचा अर्थ ‘पक्षी’ असा आहे.) तीस वर्षं ती त्या शहराची लाडकी होती. लोक मुद्दाम तिच्यात बसायला येत, तिच्यावर नाचगाण्याच्या संध्याकाळी होत. १९६७ मध्ये ती निवृत्त झाली, अलास्काला ओढून नेली गेली आणि तिथे खेकडे आणि मासे डबाबंद करण्याचा कारखाना झाली. पुढे तर तिला किनाऱ्यावर चढवून भोवती भराव घातला. बोटीची इमारत झाली.

गोष्ट इथे संपत नाही. काही उत्साही लोकांनी तिला शोधून काढलं, भराव खणून मोकळी केली आणि १९९८ मध्ये समुद्रातून ओढत परत सिएटलला आणली. बंदरात स्वागताला गर्दी झाली. संग्रहालय करू, हॉटेल करू, नाट्यगृह करू, असे बेत झाले. पैसा जमेना. ती या धक्क्यावरून त्या धक्क्यावर हाकलली जात गंजत राहिली, आणि २०१५ च्या सुरुवातीला मोडली गेली. काही तुकडे, खिडक्या वगैरे लोकांनी आठवण म्हणून विकत घेतल्या.

या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवून बऱ्याच वेळा वाचल्या. ज्या बोटींवर कोणाचं विशेष प्रेम नव्हतं त्या ऐंशी वर्षं चालल्या, कारण त्यांना दुसऱ्या काठावर काम मिळालं. जिच्यावर अख्ख्या शहराचं प्रेम होतं ती गंजून गेली, कारण प्रेम होतं पण काम नव्हतं. डब्यात मासे भरण्याचं काम तरी तिला होतं तोवर ती टिकली. शोभेसाठी परत आणल्यावर टिकली नाही. जुनं काही जपायचं म्हटलं की आपण आधी संग्रहालयाचा विचार करतो. बोटीला त्यापेक्षा रोजच्या चार खेपा जास्त मानवतात असं दिसतं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं. आमच्या आत्या ऐंशीव्या वर्षीही रोजचं वरण स्वतः करतात आणि कोणी करू दिलं नाही तर आजारी पडतात!

आता परत आपल्याकडे, गोव्यात. कारण बोट दुसरीकडे जाते हे खरं, पण तिची जुनी वाट परत लागली तर काय, हे गोव्याने अनुभवलं. पणजी आणि बेती या मांडवीच्या दोन काठांमध्ये १९७० मध्ये पूल झाला. सगळ्यांना वाटलं, फेरीबोटीचे दिवस संपले. ५ जुलै १९८६ ला, भर पावसाळ्यात, तो पूल कोसळला. अवघ्या सोळा वर्षांत. उत्तर गोवा आणि राजधानी यांच्यामधला मुख्य रस्ताच नाहीसा झाला. अशा वेळी फेरीबोटींवर सगळा भार आला. बेतीचा धक्का जिवंत होता, नदी परिवहन खातं होतं, बोटी होत्या, त्या चालवणारी माणसं होती. नवीन पूल व्हायला १९९२ उजाडलं. तोवर माणसं, स्कूटर, मोटारी, ऑफिसं, शाळा, लग्नं, आजारपणं, सगळं बोटीतून पार झालं. पुढे मांडवीवर आणखी पूल झाले, तरी गोव्याने पणजी-बेतीची फेरी बंद केली नाही. दिवाडी आणि चोडण बेटांवर तर ती रोजच्या जेवणाइतकी गरजेची राहिली.

पूल पडतात हे आपल्यालाही माहीत आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहनं त्या अंधारात नदीत गेली. आपल्यापैकी कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने त्या पुलावरून कधी ना कधी प्रवास केलेला होता, म्हणून ती बातमी वाचताना पोटात खड्डा पडला होता. तिथे नवा पूल विक्रमी वेगाने, १६५ दिवसांत बांधला गेला आणि २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. हीच सावित्री पुढे बाणकोटच्या खाडीत उतरते, तिथे वेश्वी-बागमांडलेची फेरीबोट आहे. तिथेही पुलाचं काम सुरू होऊन वर्षानुवर्षं रखडलं, आणि ‘तात्पुरती’ बोट रोज गाड्या नेत राहिली. आपल्या जवळचं बघायचं तर घोडबंदरचा जुना वर्सोवा पूल आठवा. दुरुस्तीसाठी तो बंद झाला की ठाण्यापासून वसईपर्यंत सगळ्यांचे हाल व्हायचे. २०२३ मध्ये शेजारी नवा पूल झाला तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला.

पूल नकोत असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता कोणाला हॉस्पिटलात न्यायचं असेल तर फेरीबोट बंद असते, आणि पूल उघडा असतो. हे एक कारण पुरेसं आहे. रेवसपासून रेड्डीपर्यंत सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असल्यापासूनचं, म्हणजे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यावरच्या खाड्यांवर पूल होतील तेव्हा कोकणातल्या लोकांना ते हवेच आहेत, आणि त्यांना ते मिळायला हवेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की पूल झाला की बोट जाऊ दे, पण धक्का जाऊ देऊ नका. बोटीची मला आता काळजी वाटत नाही. तिला दुसरं पाणी मिळेल. ग्रीसमध्ये बांधलेली मोठी रो-पॅक्स बोट २०२० मध्ये मुंबईला आली आणि भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेऊ लागली. इथला पूल तिला घालवेल तर ती कुठे ना कुठे पाणी शोधेल. जातं ते वेगळंच. उतारावर झोपड्या होतात, गाळ साचतो, कोणीतरी भराव टाकतं. ओढ कुठे आहे, भरतीला कुठे टेकवायचं, हे माहीत असलेले सारंग आणि खलाशी दुसऱ्या कामाला लागतात आणि त्यांची मुलं ते शिकत नाहीत. मग एक दिवस पूल दुरुस्तीला बंद होतो आणि आपण पाण्याकडे असे बघत उभे राहतो, जणू ते कधी ओलांडलंच नव्हतं.

भिवंडीत हे होऊन गेलंय. आपल्या चहूबाजूंना खाडी आणि नदी, आणि आपण एकेका पुलावर कोंडलेले. डोंबिवलीच्या मोटागावपासून माणकोलीपर्यंतचा नवा पूल बांधला गेला, त्याने पलीकडच्यांचा फेरा वाचला हे चांगलंच झालं. पण पाण्याची वाट? २०१६ च्या कायद्याने उल्हास नदी आणि वसईची खाडी मिळून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ जाहीर झाला. वसई-ठाणे-कल्याण जलवाहतुकीच्या बेतात आपल्या तालुक्यातल्या काल्हेरचं नाव आहे, समोर कोलशेत आहे. काल्हेरला गोदामांच्या मागे गेलात तर खाडी दिसते. तिथून कोलशेत इतकं जवळ आहे की पलीकडच्या इमारतींचे मजले मोजता येतात. रस्त्याने जायचं तर कशेळीचा पूल आणि आपलं नशीब.

तिथे कधी गाड्या नेणारी बोट येईल की नाही, त्यावर पैज लावायला मी तयार नाही. आली तर ती नवीन सोय म्हणून जाहीर होईल, फीत कापली जाईल. पण ती नवीन नसेल. सांगड घालून बैलगाडी पार करणाऱ्यांच्या कामाचीच ती पुढची खेप असेल.

मावसभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे पूल झाला तर बोट दुसरीकडे जाणार, एवढंच ना? हे तू दोन वाक्यांत सांगू शकली असतीस.” असो.

आता घरच्यांसाठी एक काम. आपल्या कुटुंबातले खाडीकाठच्या गावांतले जे वडीलधारे आहेत, कशेळी, काल्हेर, अंजूर, खारबाव या बाजूचे, त्यांना जरा विचारा की त्यांच्या लहानपणी तर कुठून सुटायची, कोण चालवायचं, भात द्यायचे की पैसे, आणि पावसाळ्यात ती किती दिवस बंद असायची. जे सांगतील ते लिहून ठेवा, गावाच्या नावासकट आणि जमलं तर सालासकट. पूल कोणत्या साली झाला हे सरकारदरबारी लिहिलेलं असतं. तर कोणत्या साली बंद झाली हे फक्त याच माणसांना आठवत असेल.